लू आणि धुकं यांच्यामधलं अत्तर: ग्वाल्हेरकरांसाठी सुगंध निवडण्याचं आणि लावण्याचं मार्गदर्शन

परफ्यूमविषयी जो सल्ला वाचायला-ऐकायला मिळतो, तो बहुतेक थंड देशांतल्या किंवा दिवसभर एसीत बसणाऱ्या माणसांनी दिलेला असतो. ‘आठ तास टिकतो’, ‘खोलीभर दरवळतो’ हे त्यांच्या हवेत खरं असेलही. आपल्या ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर चढतो, लू चालते. आणि जानेवारीत धुकं पडून तोच पारा ५ अंशांखाली उतरतो. अशा गावात वर्षभर एकच बाटली वापरणं म्हणजे पौषातली शाल वैशाखात पांघरून फिरणं. त्यामुळे मोठी, महागडी एक बाटली घेण्याऐवजी दोन लहान घ्या: एक उन्हाळ्याची, एक थंडीची. बाकीचं सगळं या हिशेबानंतर.

आधी हवा समजून घ्या

अंगावरचा सुगंध उडून हवेत मिसळतो तेव्हाच तो नाकापर्यंत पोचतो. उष्णतेत हे उडणं झपाट्याने होतं. लिंबू, संत्रं, पुदिना असे हलके वास भर उन्हात काही मिनिटांत विरतात. व्हॅनिला, अंबर, अगरू यांसारखे जड आणि गोड वास थंडीत तासन्‌तास हळूहळू उलगडतात, पण ऊन लागलं की एकदम उसळतात आणि शेजारच्याचं डोकं धरतं. थंडीत उलट. हलका कोलोन लावून सकाळी धुक्यात बाहेर पडलात, तर लावलंय हे फक्त तुम्हालाच ठाऊक.

कोरडेपणाचाही यात हात असतो. लूच्या दिवसांत त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या त्वचेवर सुगंध धरत नाही. पहिला पाऊस झाला की तीच बाटली अचानक बोलायला लागते, कारण दमट हवेत वास अधिक ठळक जाणवतो. जुलैत दोन फवाऱ्यांचा एक करा.

बाटलीवर लिहिलेलं कसं वाचायचं

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं सुगंधी द्रव्य. ते किती, यावरून नावं पडली आहेत. ‘परफ्यूम’ किंवा ‘एक्स्ट्रे’ असं लिहिलेल्यात साधारण २० ते ३० टक्के, ‘ओ द परफ्यूम’ म्हणजे ईडीपीत १५ ते २०, ‘ओ द टॉयलेट’ म्हणजे ईडीटीत ५ ते १५, आणि ‘ओ द कोलोन’मध्ये २ ते ४ टक्के. हे आकडे अंदाजाचे आहेत. एका कंपनीचं ईडीटी दुसऱ्या कंपनीच्या ईडीपीपेक्षा जास्त टिकलेलं दिसतं, कारण टिकणं टक्क्यांपेक्षा आत काय घातलंय यावर अधिक ठरतं. नुसत्या लिंबाचा सुगंध २० टक्के घातला तरी तो दिवसभर राहणार नाही. चंदन, वाळा, धूप यांचा पाया असेल तर कमी प्रमाणातही राहतो.

कोलोनला आपल्याकडे उगाच कमी प्रतीचं समजतात. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्यवसाय केला आणि त्याच्या सुगंधी पाण्याला शहराचं नाव मिळालं. आपल्या घरांत ताप आल्यावर कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे, तो याच घराण्यातला प्रकार. अल्कोहोल उडताना गारवा देतं, हा त्यातला कार्यकारणभाव. मे महिन्यात याच्यासारखी दुसरी चीज नाही. अंघोळीनंतर सढळ हाताने मान-दंडांवर लावा आणि दुपारी पुन्हा लावा. तो टिकत नाही ही तक्रार करण्यात अर्थ नाही, तो पुन्हापुन्हा लावण्यासाठीच असतो.

‘पुरुषांसाठी’ आणि ‘स्त्रियांसाठी’ हे शिक्के मात्र खुशाल विसरा. गुलाब, हिना, केवडा आपल्याकडे सगळेच लावत आले आहेत.

आणखी एक गैरसमज असा, की कृत्रिम म्हणजे हलकं आणि नैसर्गिक म्हणजे चांगलं. आधुनिक परफ्यूमचा जन्मच प्रयोगशाळेतल्या द्रव्यांपासून झाला: १८८२ साली कुमारिन वापरून केलेलं ‘फुजेर रॉयाल’, १८८९ साली व्हॅनिलिन घातलेलं ‘जिकी’, १९२१ साली आल्डिहाइडांच्या जोरावर गाजलेलं ‘शनेल नंबर ५’. कस्तुरीचं तर विचारूच नका. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कस्तुरीमृगाला संरक्षण आहे. बाजारात ‘अस्सल कस्तुरी’ म्हणून कोणी पुडी पुढे केली, तर तो एक तर फसवतोय किंवा गुन्ह्यात ओढतोय. बाटलीतली कस्तुरी कृत्रिम असते आणि तीच योग्य.

अत्तर: कनौज आपल्यापासून लांब नाही

भिंड-इटाव्याच्या रस्त्याने निघालं तर अर्ध्या दिवसात कनौज येतं. देशातलं अत्तराचं सगळ्यात नावाजलेलं गाव इतकं जवळ असताना ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अत्तर फक्त हळदीकुंकवाच्या तबकापुरतं उरावं, याचं मला नवल वाटतं.

कनौजची रीत जुनी आहे. तांब्याच्या मोठ्या भांड्यात, म्हणजे देगात, फुलं आणि पाणी घालून झाकण माती-कापसाने बंद करतात आणि खाली लाकूड-गोवऱ्यांचा जाळ लावतात. देगातून बांबूची नळी निघते, तिला चोंगा म्हणतात. ती पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात जाते. भपक्यात चंदनाचं तेल असतं. वाफ तिथे थंड होते आणि फुलाचा वास चंदनतेल शोषून घेतं. खाली साचलेलं पाणी काढून पुन्हा देगात टाकतात, नवी फुलं घालतात, आणि तेल पुरेसं माखेपर्यंत दिवसामागून दिवस हेच चालतं. शेवटी चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवतात, म्हणजे उरलेला ओलावा चामड्यातून निघून जातो. यात अल्कोहोल कुठेच नाही. त्यामुळे अत्तर फवारत नाहीत, टेकवतात. आणि ते स्प्रेसारखं दूर न पसरता अंगाजवळ राहतं.

दुकानात दोन शब्द कानांवर पडतील. ‘रूह’ म्हणजे फुलाचं वा मुळाचं निव्वळ तेल, आणि ‘अत्तर’ म्हणजे चंदनाच्या किंवा दुसऱ्या तेलात उतरवलेलं. एक किलो रूह गुलाबाला सुमारे चार हजार किलो फुलं लागतात, त्यामुळे त्याची किंमत ऐकून दचकू नका. रूह गुलाबाकडे वळायची गरजही नाही.

सुरुवातीला या पाच गोष्टी हुंगून पाहा. वाळा, म्हणजे तिथला खस: गार, मातकट, किंचित धुरकट. तांब्याच्या देगात उतरवलेल्या रूह खसला हिरवी झाक असते, ती तांब्यामुळे. मिट्टी: भाजलेली माती चंदनतेलात उतरवतात, आणि पहिल्या पावसाचा वास येतो. मोगरा ओळख करून द्यायला नको. हिना: कनौजचा हिना नुसत्या मेंदीच्या फुलांचा नसतो, त्यात मसाले आणि मुळ्याही असतात. उष्ण, गडद, थंडीचा. आणि शमामा: कित्येक वनस्पती-मसाल्यांचं मिश्रण. तो पहिल्या दिवशी आवडत नाही. मला विचाराल तर डिसेंबरात तानसेन समारोहाला शाल पांघरून बसताना शमाम्याच्या तोडीचं काही नाही.

आता शुद्धतेचा प्रश्न. ‘कागदावर डाग राहिला तर भेसळ’ ही चाचणी चंदनाच्या अत्तराला लागूच पडत नाही, कारण चंदनतेल सहज उडत नाही आणि डाग राहतोच. साधा हिशेब जास्त कामाचा. चंदनतेल किलोला लाखाच्या वर जातं, म्हणजे १० ग्रॅम नुसत्या तेलाचेच हजारावर रुपये झाले. मग ‘शुद्ध चंदनातला गुलाब, १० एमएल, दीडशे रुपये’ हे जमेल कसं? स्वस्त अत्तराचा पाया लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम रासायनिक तेलाचा असतो. ते लावू नये असं मी म्हणणार नाही. वास आवडला आणि त्वचेला त्रास नसला तर रुमालाला, कुर्त्याला ते चालतं. पण किंमत त्या मालाची द्यायची, चंदनाची द्यायची नाही. दुकानदाराला सरळ विचारा: “भैया, बेस कौनसा है?” चांगला अत्तरवाला या प्रश्नाने चिडत नाही.

दुकानात वास कसा घ्यायचा

इथे घाई केली की पैसे जातात, म्हणून ही पायरी सावकाश.

जाताना अंगाला काही लावू नका, तोंडात पान-सुपारी नको. संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. एका वेळेला चार-पाचांपेक्षा जास्त वास घेऊ नका, कारण नाक लवकर थकतं आणि मग सगळं सारखंच वाटायला लागतं. मॉलमधल्या काउंटरवर कॉफीचे दाणे पुढे करतात. त्यांनी फारसं काही साधत नाही. दुकानाबाहेर येऊन मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभे राहा, किंवा स्वतःच्या कोपराचा वास घ्या. तेवढं पुरतं.

आधी कागदाच्या पट्टीवर. फवारल्यावर अल्कोहोल उडू द्या आणि मग हुंगा. पट्टीमागे नाव लिहून ठेवा, नाहीतर बाड्यावरून घरी पोचेपर्यंत कोणती कुठली याचा घोळ होतो. त्यांतल्या आवडलेल्या दोनच मनगटांवर घ्या, एकेका हातावर एकेक. आणि दुकानातून बाहेर पडा.

हे ‘बाहेर पडा’ महत्त्वाचं आहे. परफ्यूम तीन टप्प्यांत उलगडतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं जे चमचमतं ते वरचं: लिंबूवर्गीय, हिरवं, तिखट. दुकानात विकलं जातं ते हेच. त्यानंतरचे दोन-तीन तास मधला भाग, बहुधा फुलं किंवा मसाले. आणि सगळ्यात शेवटी तळाचं: चंदन, वाळा, राळ, कस्तुरीसारखं काही. तुम्हाला दिवसभर सोबत मिळणार आहे ती मधल्याची आणि तळाची. सराफ्यात काम असेल ते उरका, नया बाजारात फिरा, चहा घ्या, आणि तासाने, तीन तासांनी मनगट हुंगा. संध्याकाळीही आवडलं तर दुसऱ्या दिवशी विकत घ्या. “आज ही डिस्काउंट है” असं सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

बरोबर घरातलं कोणी असलं तर उत्तम. काही जणांना काही कस्तुरीवर्गीय द्रव्यांचा वासच येत नाही. त्यांना वाटतं काही लागलंच नाही, आणि शेजारचा मात्र घुसमटलेला असतो. दुसऱ्याचं नाक ही चूक टाळतं.

नवं काहीही घेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आलं तर विषय संपला. अत्तर ‘नैसर्गिक’ आहे म्हणून त्रास देणार नाही असं नसतं.

थंडीत मेळ्यात अत्तराचा ठेला दिसला तर तिथेही चव घेता येते. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा अजूनही डिसेंबरच्या अखेरीपासून हिवाळाभर गजबजतो. मात्र भज्यांच्या, पापडांच्या दरवळात नाकावर भरवसा ठेवू नका. थेंबभर हातावर घेऊन घरी या आणि मग ठरवा.

ऋतूप्रमाणे

एप्रिल ते जून: कोलोन, वाळा, मोगरा, मिट्टी. पूर्वी कूलरला वाळ्याचे ताटे असायचे आणि त्यावर पाणी पडलं की घरभर तो वास फिरायचा. आता लाकडी गवताचे किंवा पुठ्ठ्यासारखे पॅड आले. कूलरच्या पाण्यात वाळ्याच्या मुळ्यांची पुरचुंडी टाकून पाहा, परफ्यूमची गरजच कमी होते. उन्हात जायचं असेल तर लिंबूवर्गीय, विशेषतः बर्गमॉट असलेलं काही उघड्या मानेवर लावू नका. त्यातल्या काही द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात. कपड्याच्या आत किंवा रुमालाला लावा.

पावसाळ्यात जे काही लावाल ते निम्मं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले खरे सुगंधाचे महिने: हिना, शमामा, अगरू, मसालेदार ईडीपी, सगळं खपतं.

लावायचं कसं

अंघोळ झाल्यावर त्वचा किंचित ओलसर असताना, वास नसलेलं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीनचं बोट लावलेल्या जागी. खोबरेल तेलही चालतं, पण त्याचा स्वतःचा वास असतो हे ध्यानात ठेवा. स्प्रे वीतभर अंतरावरून. मनगट, कोपराचा आतला भाग, मान, कानामागे. यांतल्या दोनच जागा पुरेत. ईडीपीचे दोन-तीन फवारे झाले की थांबा.

मनगटावर मनगट घासू नये असं सांगतात आणि कारण म्हणून ‘सुगंधाचे रेणू तुटतात’ असं म्हणतात. रेणू वगैरे काही तुटत नाहीत. घासल्याने ऊब निर्माण होते, वरचा हलका वास लवकर उडतो, इतकंच. तरी घासू नका.

अत्तर काचेच्या काडीने घ्यायचं आणि टेकवायचं. थेंब नव्हे, काडीचा स्पर्श. कापसाचा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवायची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते: त्वचेला तेल लागत नाही, वास तासन्‌तास मंद येतो, नकोसा झाला तर काढून टाकता येतो. फक्त तो कानाच्या आत जाऊ देऊ नका. गरम कपड्यांवर अत्तर दिवसेंदिवस राहतं, तेव्हा पुढच्या आठवड्यात त्याच शालीला दुसरं काही लावणार असाल तर विचार करा.

तासाभरात स्वतःला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा मारू नका. नाक त्या वासाला सरावलेलं असतं, वास गेलेला नसतो.

किती लांब पोचावा? हाताच्या अंतरावर बसलेल्याला कळावा, पलीकडच्याला नको. गाण्याच्या बैठकीत, पंगतीत, दवाखान्यात त्याहूनही कमी. दमा किंवा अर्धशिशी असणाऱ्यांना तीव्र वासाचा खरा त्रास होतो. पंगतीत वरण-भातावरच्या तुपाआधी शेजाऱ्याचा डिओ नाकात गेला, तर कोणाला बरं वाटेल?

साडी, जर आणि मोती

चंदेरी आपल्याच भागातली, त्यामुळे घरोघरी एक तरी असतेच. तिच्यावर थेट फवारा मारू नका. अल्कोहोलने जर काळवंडू शकते, रेशमावर कडा उमटतात, आणि अत्तराचा तेलकट डाग निघता निघत नाही. आधी सुगंध, पाच मिनिटं थांबा, मग साडी, आणि सगळ्यात शेवटी दागिने. नथ, चिंचपेटी, तन्मणी यांतल्या मोत्यांची चमक परफ्यूमने जाते. सुगंध हवाच असेल तर परकराच्या काठाला आतून थोडासा.

हळदीकुंकवाचं तबक

संक्रांतीला हिना, चैत्रगौरीला वाळा किंवा मोगरा. बाजारात तयार ‘पूजेचं अत्तर’ मिळतं त्यातलं बरंचसं डोकं दुखवणारं असतं. तीन एमएलची बरी कुपी आणली तर सगळं हळदीकुंकू निभतं. लावताना हाताच्या पाठीवर काडी टेकवायची आणि आधी विचारायचं, “अत्तर चालेल ना, काकू?” लहान मुलांना नुसतं गुलाबपाणी. गुलाबदाणीत ताजं भरा, मागच्या वर्षीचं उरलेलं नको. अत्तर आंबेडाळीच्या पातेल्यापासून दूर ठेवा, डाळ वास पटकन धरते. आणि स्प्रेची बाटली निरांजनाजवळ कधीही वापरू नका. अल्कोहोल पेट घेतं.

नकली माल

‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे नकली. त्यात वेगळं काही नाही. आत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ते त्वचेवर घेऊ नये. परदेशी बाटलीच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक आणि एमआरपी असायला हवी. बाटलीच्या बुडाचा आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक जुळायला हवा. निम्म्या किमतीत ‘टेस्टर’, म्हणजे दुकानात वास दाखवायला ठेवतात ती बाटली, मिळतेय म्हटल्यावर हे सगळं दोनदा पाहा. मूळ बाटली परवडत नसेल तर प्रसिद्ध वासाच्या चालीवर केलेले, पण स्वतःच्या नावाने विकले जाणारे भारतीय परफ्यूम घ्यावेत. त्यांत काही खरोखर चांगले आहेत.

साठवण

उजेड, उष्णता आणि हवा हे तीन शत्रू. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट संध्याकाळी तव्यासारखं तापतं, तिथे बाटली नको. न्हाणीघरात नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण, बाटली तिच्या खोक्यातच. अशी ठेवली तर तीन-चार वर्षं सहज जाते. लिंबूवर्गीय आधी बिघडतात: रंग गडद होतो आणि सुरुवातीलाच आंबट, व्हिनेगरसारखा झटका येतो. चंदनातलं अत्तर मात्र मुरतं, वर्षागणिक गोल होत जातं. खरं रूह गुलाब जानेवारीत गोठून त्यात पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका, हातात धरलं की विरघळतं.

अत्तराची रिकामी कुपी दुसऱ्या अत्तरासाठी वापरू नका, जुना वास धुऊनही जात नाही. बूच काढून साड्यांच्या कपाटाच्या कोपऱ्यात, कपड्याला तेल लागणार नाही अशी उभी ठेवा.